पिशवीत मावणारी जमीन: फूटरेस्ट आखताना काय बघायचं

बँकेत, तहसील कचेरीत किंवा शाळेच्या ऑफिसात कधी टेबलांखाली नजर टाकून बघा. कुठे ए-फोर कागदांची न फोडलेली रीम पायाशी असते, कुठे पुठ्ठ्याचं खोकं, कुठे वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या दोन विटा, कुठे बंद पडलेला सीपीयू आडवा घातलेला. एखाद्या बाईंनी घरचा पाटच आणून ठेवलेला असतो. खुर्ची उंच आणि पाय जमिनीला पुरत नाहीत, यावर ज्याने त्याने काढलेले हे तोडगे.

याच कामासाठी बाजारात फूटरेस्ट मिळतात. जाहिराती बघितल्या तर मेमरी फोम, मखमली कव्हर आणि मसाजचे दाणे यांचंच कौतुक. उंचीचा आकडा कुठेतरी कोपऱ्यात, तोही कुठून कुठपर्यंत मोजला ते न सांगता. माझ्या मते गल्लत इथेच होते. फूटरेस्ट म्हणजे थोडा वर उचललेला जमिनीचा तुकडा. तो किती उचलायचा हे आधी ठरवायचं, गादीचं नंतर बघता येतं. आणि ऑफिसातली खुर्ची वेगळी, घरची डायनिंगची वेगळी, क्लासमधली आणखी वेगळी, म्हणून तो तुकडा सोबत नेता आला तर उत्तम. असं एक फूटरेस्ट आपणच आखून सुताराकडून करून घ्यायचं असेल तर काय काय लक्षात घ्यावं लागतं, ते बघू.

पाय लोंबकळतात तेव्हा

बसल्यावर धडाचा भार कुल्ल्यांखालच्या दोन हाडांवर यायला हवा. लाकडी बाकावर बराच वेळ बसलं की टोचतात ती हीच. मांडीची मागची बाजू त्या कामाची नाही. तिथे मऊ स्नायू आहेत, आणि गुडघ्यामागच्या लवणीतून पायाची मुख्य रोहिणी, नीला आणि मज्जातंतू अगदी वरवरून जातात.

आता थोडं वजनाचं बघू. गुडघ्याखालचा एक पाय, पावलासकट, शरीराच्या वजनाच्या साधारण ६ टक्के असतो. ६० किलो वजनाच्या व्यक्तीचे दोन्ही मिळून ७ किलोंच्या वर गेले. तळवे नीट टेकलेले असले तर हा भार जमीन पेलते. टेकलेले नसले तर तेवढं वजन मांडीला खाली ओढत राहतं आणि खुर्चीची पुढची कड त्या मऊ भागात रुतते. पायांना मुंग्या येतात त्या यामुळे.

मग माणूस सुटका शोधतो. पुढे सरकून खुर्चीच्या टोकावर बसतो, म्हणजे पाय टेकतात. पण पाठ सुटते आणि संध्याकाळी कंबर बोलायला लागते. किंवा पायावर पाय टाकतो. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, जरा खाली, एक मज्जातंतू हाडाला बिलगून कातडीच्या अगदी जवळून जातो, तो दाबला जाऊन पाऊल बधिर होतं. तिसरा उपाय खास आपला: खुर्चीवरच मांडी घालून बसायचं. तो वाईट नाही, फक्त साहेब समोर आले की पाय खाली सोडावे लागतात.

रक्ताभिसरणाची बाजूही आहे. बसलेल्या माणसाचा घोटा हृदयापासून ७५-८० सेंटीमीटर खाली असतो. नुसत्या या उंचीमुळे घोट्याजवळच्या नीलांमध्ये पाऱ्याच्या ५५ ते ६० मिलिमीटरइतका दाब साचतो. चालताना पोटरीचे स्नायू आवळले की नीला पिळल्या जातात, आतल्या झडपांमुळे रक्त वरच्याच दिशेने सरकतं आणि दाब उतरतो. तासन् तास पाय न हलवता बसलं की हा पंप बंद. पाणी हळूहळू भोवतालच्या मांसात झिरपतं. संध्याकाळी मोज्याची रेघ पोटरीवर उमटते, सकाळी सैल असलेली चप्पल घट्ट होते.

जागतिक आरोग्य संघटनेने प्रवास आणि रक्ताच्या गुठळ्या यांवर एक संशोधन प्रकल्प चालवला होता, त्याचे निष्कर्ष २००७ मध्ये आले. चार तासांहून जास्त वेळ एका जागी बसून प्रवास केला तर पायाच्या नीलेत गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. मुळात तो कमीच असतो, चार तासांहून लांबच्या विमानप्रवासात सुमारे ६,००० जणांत एक, तेव्हा घाबरून जायचं कारण नाही. पण त्याच अहवालात आणखी एक गोष्ट आहे: उंची १९० सेंटीमीटरहून जास्त असलेल्यांना धोका अधिक, आणि १६० सेंटीमीटरहून कमी असलेल्यांनाही अधिक. उंच माणसाचे गुडघे समोरच्या सीटला अडतात हे कोणालाही दिसतं. बुटक्या माणसाच्या मांडीत सीटची कड रुतते ते कोणी बघत नाही. भारतीय बायकांची सरासरी उंची १५२ सेंटीमीटरच्या आसपास आहे, म्हणजे आपल्या घरातल्या बहुतेक जणी याच गटात मोडतात.

खुर्चीच खाली का घेऊ नये?

जरूर घ्या, घेता येत असेल तर. अडचण टेबलाची आहे. ऑफिसचं टेबल सहसा ७५ सेंटीमीटर उंच, आणि ती उंची बदलता येत नाही. त्यावर टाइप करताना कोपर टेबलाच्या पातळीला हवं, नाहीतर खांदे उचलले जातात आणि मान आखडते. बैठकीपासून कोपरापर्यंतचं अंतर बायकांमध्ये साधारण २० ते २२ सेंटीमीटर. म्हणजे बैठक ५३ सेंटीमीटरच्या आसपास न्यावी लागते. गुडघ्यामागच्या लवणीपासून टाचेपर्यंतचं अंतर उंचीच्या पाव हिश्शाच्या आसपास असतं. १५२ सेंटीमीटर उंचीला ३८, चपलेचे २ धरून ४०. खाली उरलं १३ सेंटीमीटरचं भगदाड.

घरच्या डायनिंग खुर्चीचं गणित सौम्य आहे. बैठक ४५ ची असते, तेव्हा फरक ५ सेंटीमीटरचाच. एकाच बाईंना दिवसा १३ आणि रात्री ५ सेंटीमीटरची जमीन लागते. एका ठरावीक उंचीचं फूटरेस्ट दोन्हीकडे चालत नाही ते यामुळे. युरोपीय समुदायाने १९९० मध्ये कॉम्प्युटरवर काम करणाऱ्यांसाठी जो निर्देश काढला, त्यात मागेल त्याला फूटरेस्ट द्यावं असं स्पष्ट कलम आहे. आपल्याकडे रीम आहे.

आपलं माप काढायला टेप लागत नाही. खुर्चीत पाठ टेकेपर्यंत मागे सरकून बसा. पायाखाली वह्या-पुस्तकांची थप्पी एकेक करून वाढवा. मांडी आणि खुर्चीची पुढची कड यांच्यामध्ये आडवा पंजा, बोटं सपाट ठेवून, अलगद सरकला की थांबा. थप्पी मोजा. हा आकडा त्या खुर्चीपुरता आणि तुमच्यापुरता. हात फारच ढिला जायला लागला, गुडघे कुल्ल्यांच्या वर गेले, तर थप्पी जास्त झाली. मग मांड्यांवरचा सगळा भार त्या दोन हाडांवर जातो, कंबर मागे वळते आणि तुम्ही पोक काढून बसता.

टाच बघा, चवडा नंतर

दुकानात मिळणारी अनेक फूटरेस्ट पाचरीच्या आकाराची असतात. पुढची, म्हणजे बोटांकडची कड १२ सेंटीमीटर, टाचेकडची जेमतेम २. खोक्यावर उंची लिहिलेली असते १२. पण मांडी वर उचलली जाते ती टाचेखालच्या उंचीने. टाच जमिनीलगतच राहिली तर चवडा कितीही वर करा, मांडीखालचा दाब फारसा कमी होत नाही. उलट पोटरी ताणली जाते. घेताना टाचेकडची कड मोजा. वर सांगितलेल्या थप्पीशी तीच जुळली पाहिजे.

मग उतार हवाच कशाला? कारण पाय कोणी काटकोनात ठेवून बसत नाही, जरा पुढे सोडतो. पावलाला सर्वांत आराम मिळतो तो नडगीशी काटकोनात असताना. गुडघ्यापासून टाचेपर्यंत ३८ सेंटीमीटर धरले आणि पाय ७ सेंटीमीटर पुढे टाकला, तर नडगी साधारण १० अंशांनी कलते. तळवाही तेवढाच कलला तर घोट्यात ओढ राहत नाही. जर्मनीच्या डीआयएन ४५५६ या फूटरेस्टच्या मानकात उतार ५ ते १५ अंश दिला आहे तो याच हिशेबाने पटतो. त्यातच रुंदी किमान ४५ आणि खोली किमान ३५ सेंटीमीटर सांगितली आहे. एवढी फळी टेबलाखाली कायमची ठेवायला छान, खांद्यावरच्या बॅगेत मात्र मावत नाही. आपण ४० बाय ३० वर समाधान मानू. दोन्ही पावलं मोकळी बसतात, फार ऐसपैस नाही.

घडीचं गणित

सोबत नेण्याजोगं करायचं म्हटलं की तीन ओढाताणी सुरू होतात: हलकं हवं, घडी होऊन सपाट व्हायला हवं आणि पाय ठेवल्यावर डुगडुगायला नको. फुगवायची उशी पहिल्या दोन परीक्षा पास होते, तिसरीत नापास. फोमचा ठोकळा डुगडुगत नाही, पण बॅग तोच खाऊन टाकतो. म्हणून मला फळीची घडी आवडते.

पहिला विचार त्रिकोणाचा येतो. तीन फळ्या कापडी बिजागरीने जोडल्या की पाचर तयार, सोडली की सपाट. त्रिकोण मुळात ताठ असतो, चौकोनासारखा कलंडत नाही. पण त्रिकोणाची टाचेकडची उंची शून्य! म्हणजे आत्ता ज्याला नावं ठेवली तेच झालं.

त्याऐवजी असं करा. वरची फळी ४० सेंटीमीटर रुंद, ३० सेंटीमीटर खोल. तिच्याखाली दोन उभ्या पट्ट्या, दोन्ही ४० सेंटीमीटर लांब: टाचेकडची ६ सेंटीमीटर उंच, बोटांकडची ११. दोन्ही बिजागरीने आत मिटणाऱ्या. ६ आणि ११ मिळून १७, वरच्या फळीची खोली ३०, तेव्हा मिटल्यावर त्या एकमेकींवर चढत नाहीत, शेजारी शेजारी पडतात. घडीची जाडी दोन फळ्यांइतकीच, म्हणजे २ सेंटीमीटरच्या आत-बाहेर. उघडल्यावर दोन टोकांमधला ५ सेंटीमीटरचा फरक ३० सेंटीमीटरवर पसरतो आणि उतार जवळजवळ १० अंश मिळतो, आपल्याला हवा तेवढा.

खरी मेख पट्टीच्या वरच्या कडेत आहे. बिजागरी आतल्या कोपऱ्यात बसवली की पट्टी उघडताना तिची वरची कड फळीच्या पोटाला जाऊन टेकते आणि तिथेच थांबते. कड चौकोनी असेल तर ती ९० अंशांवर थांबेल. ती १० अंश तिरपी तासली, तर पट्टी १०० अंशांपर्यंत उघडेल, जरा बाहेर फाकलेली. याने दोन कामं होतात. वजन पडलं की पट्ट्या मिटण्याऐवजी आणखी उघडायला बघतात, आणि कड त्यांना अडवते. भार बिजागरीच्या स्क्रूंवर न येता बराचसा लाकडावरून लाकडावर जातो. दुसरं, खालचा पाया वरच्या फळीपेक्षा थोडा मोठा होतो. कोणी टाचेकडच्या अगदी कडेवर पाय दाबला तरी फळी उलटत नाही. खबरदारी म्हणून दोन पट्ट्यांमध्ये नायलॉनच्या पट्ट्याचा एक तुकडा ताणून बसवावा, तो त्यांना प्रमाणाबाहेर फाकू देत नाही.

हे झालं टाचेला ६ सेंटीमीटर. बाकीची उंची वरून वाढवायची: चपलांच्या तळव्याला वापरतात त्या ईव्हीए शीटचे २ सेंटीमीटर जाडीचे ४० बाय ३० चे थर, वेल्क्रोने चिकटणारे. घरी डायनिंगला नुसती फळी, ऑफिसात तीन थर. असा एक थर पाव किलोच्या आसपास भरतो. एक-दोन थर ऑफिसातच ठेवून द्यावेत, रोज कशाला वाहायचे? स्क्रू फिरवून खालीवर होणारे पाय करता येतात, पण ते खुळखुळतात आणि एक हरवला की सगळंच वाया.

लाकूड ९ मिलिमीटरचं प्लाय. तिन्ही तुकडे मिळून १ किलोच्या थोडं वर. ६ मिलिमीटर आणखी हलकं पडेल आणि नुसत्या पायांच्या भाराला पुरेलही. पण घरात वस्तू ज्या कामासाठी आणली त्याच कामाला वापरली जाते असं थोडंच आहे! माळ्यावरचा डबा काढायला कोणीतरी या फळीवर उभं राहणारच. ८० किलोचा माणूस मधोमध उभा राहिला तर ६ मिलिमीटरच्या फळीवर ९ मिलिमीटरच्या तुलनेत सव्वादोन पट ताण येतो, कारण वाकून मोडण्याला होणारा विरोध जाडीच्या वर्गाने वाढतो. ९ निभावून नेतं.

फरशीचं विसरू नका. पाय जितका पुढे तिरपा, तितकं फूटरेस्ट पुढे ढकललं जातं. नडगी १० अंश कलली असेल तर खालच्या दाबाच्या १८ टक्के जोर आडवा लागतो, २० अंशांना ३६ टक्के. गुळगुळीत प्लॅस्टिकचा तळ पॉलिश केलेल्या टाइल्सवर एवढ्या जोराने सटकतो, पावसाळ्यात ओल्या पायांनी आल्यावर तर विचारूच नका. पट्ट्यांच्या खालच्या कडेला रबराची पट्टी पूर्ण लांबीभर चिकटवली की हा प्रश्न मिटतो.

हललं तर जास्त चांगलं

सर्वांत आरामशीर फूटरेस्टही पोटरीचा पंप चालवत नाही. तो पायांनीच चालवायचा असतो. जुन्या पायमशीनचं जाळीदार लोखंडी पायडल आठवतंय? शिवण नसतानाही त्यावर पाय ठेवून घरातली बाई ते नकळत खालीवर करत बसायची. मधोमध कणा, टाच खाली गेली की चवडा वर, असं ते अजाणता झालेलं झुलतं फूटरेस्टच होतं. आपल्या घडीच्या फळीत हे बसवायला गेलं तर स्थिरता जाते, म्हणून मी ते टाळेन. त्याऐवजी थोड्या थोड्या वेळाने टाचा उचला, चवडे उचला, आणि तासाभरात एकदा उठून पाणी आणायला जा.

मसाजच्या दाण्यांबद्दल मात्र ठाम मत आहे. मधुमेहामुळे ज्यांच्या तळव्याची संवेदना कमी झाली आहे त्यांनी टोचरे दाणे, खडबडीत काथ्या, उघडे स्क्रू असलेल्या कशावरही अनवाणी पाय ठेवू नये. जखम झालेली कळत नाही आणि ती चिघळते. ज्यांच्या पायांच्या रोहिण्या अरुंद झाल्या आहेत त्यांनी पाय उंच करून ठेवण्याआधी डॉक्टरांना विचारावं. आणि एकाच पायाला अचानक सूज येऊन पोटरी दुखत असेल, तर फूटरेस्टची खटपट सोडून त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

सूज उतरवायला पाय वर घेऊन पडणं हा वेगळाच प्रकार. तिथे घोटा हृदयाच्या वर हवा, म्हणजे आडवंच व्हावं लागतं. उशी टाचेखाली न ठेवता पोटरीभर पसरून ठेवावी आणि गुडघा किंचित वाकलेला असावा. तो मागे ताठ दाबला गेला तर लवणीतली नीला चिंबते. खुर्चीत बसून पाय समोरच्या स्टुलावर सरळ ठेवले तर मांडीमागचे स्नायू कुल्ल्याला पुढे ओढतात आणि कंबर घसरते. टीव्ही बघताना मागे रेलून चालतं, टाइप करताना नाही.

प्रवासाचं थोडक्यात. एसटीत चाकावरची सीट कोणी घेत नाही, पण उंचीने कमी असलेल्याला कधीकधी तीच बरी पडते. पायाखाली उंचवटा आयता मिळतो. रेल्वेत आपली फळी खुशाल काढावी. विमानात फळीपेक्षा फुगवायची उशी सोयीची, केबिन बॅगेला देशांतर्गत उड्डाणात साधारण ७ किलोंचीच मर्यादा असते. उशी विमान जमिनीवर असताना गच्च भरू नका. उंचावर केबिनमधला हवेचा दाब जमिनीवरच्या तीन-चतुर्थांशापर्यंत उतरतो, बंद हवा फुगू बघते आणि उशी दगडासारखी होते. वर गेल्यावर भरा, उतरण्याआधी सोडा. उड्डाण आणि उतरण्याच्या वेळी पायाशी काहीही ठेवू देत नाहीत, आणि काही कंपन्यांना एरवीही चालत नाही, तेव्हा आधी विचारलेलं बरं. समोरच्या ट्रेला अडकवायचे झोळीसारखे पट्टे मला पसंत नाहीत. ट्रेचे हात पायांच्या ओझ्यासाठी केलेले नसतात, शिवाय तुम्ही पाय हलवलेत की पुढचा प्रवासी मागे वळून बघतो.

सुताराकडे जाण्याआधी हीच मापं जाड पुठ्ठ्यावर कापून घडी होते का ते बघा. सुतार मिलिमीटरपेक्षा सूतात बोलतो. ८ सूत म्हणजे १ इंच, तेव्हा ९ मिलिमीटरचं प्लाय म्हणजे त्याच्या भाषेत ३ सूत. फरशी रोज पुसली जाते, म्हणून आयएस ७१० या भारतीय मानकाचा शिक्का असलेलं, पाण्याला टिकणारं प्लाय मागा. आयएस ३०३ चं साधं प्लाय स्वस्त पडतं पण ओलाव्यात तितकं टिकत नाही. वरच्या फळीच्या बाहेरच्या पापुद्र्याचे रेषे टाचेकडून बोटांकडे जायला हवेत, आडवे नकोत, कारण फळी त्याच दिशेने वाकते. हे सांगितलं नाही तर तो उरलेल्या तुकड्यातून सोयीने कापून देतो. बिजागरीला स्क्रूऐवजी आरपार छोटे बोल्ट, आत वायसर घालून, बोल्टचं डोकं फळीत बुडवून. ९ मिलिमीटरमध्ये स्क्रूला पकड कमी मिळते. आणि टाचेकडची वरची कड पॉलिश पेपरने चांगली गोल करून घ्या, अनवाणी पाय दिवसभर तिथेच घासतो.